टेम्पोरल लॉजिकचा प्रूव्हर ‘कधीतरी’पाशी का अडतो

टेम्पोरल लॉजिक म्हणजे ‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘पुढच्या क्षणी’ असे काळाचे शब्द असलेलं तर्कशास्त्र. तुमचा प्रूव्हर (सूत्रं आपोआप तपासणारा प्रोग्राम) दोन फेऱ्यांच्या टेबलो पद्धतीने चालतो. तो लहान सूत्रं चटकन सोडवतो, पण ‘कधीतरी’ची संख्या वाढली की मेमरी संपते, आणि तुम्ही विचारताय की डेटा स्ट्रक्चर बदलून भागेल का. थोडंफार भागेल, पण खरं दुखणं तिथे नाही. एलटीएलची (एका सरळ काळरेषेवरच्या टेम्पोरल लॉजिकची) समाधेयता, म्हणजे सूत्र खरं ठरवता येतं का हा प्रश्न, पीस्पेस-पूर्ण आहे (मर्यादित मेमरीत सुटणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत अवघड गटातला), हे सिस्त्ला आणि क्लार्क यांनी १९८५ मध्येच दाखवलंय. प्रत्येक सूत्राला झटपट उत्तर मिळेल अशी आशा धरू नका. तरी बरंच काही हातात आहे.

हे सूत्र घ्या: आत्ता क खरं, क असेल तर पुढच्या क्षणीही क, हा नियम नेहमी लागू, शिवाय कधीतरी क खोटं. यातला विसंवाद आपल्याला इंडक्शनने लगेच दिसतो. टेबलो (सूत्राचे तुकडे करत शक्यतांच्या फांद्या तपासणारी पद्धत) मात्र ‘कधीतरी’ पुढच्या क्षणावर ढकलतो, आणि तिथे सूत्रांचा तोच संच पुन्हा समोर येतो. फेरा पूर्ण झाला म्हणून फांदी मान्य केली, तर उत्तर साफ चुकतं, कारण ‘कधीतरी’ने दिलेलं वचन (इथे, क खोटं होण्याचं) कुणीच पाळलेलं नाही. तुमची दोन फेऱ्यांची पद्धत हे टाळण्यासाठी आधी सगळा ग्राफ उभारते आणि अपुरी वचनं असलेले नोड नंतर काढते. मेमरी जाते ती या ग्राफमध्ये.

रेनॉल्ड्सचा २०१६ चा एकफेरी टेबलो वापरून बघा, मी आग्रहाने सांगेन. त्यात प्रत्येक फांदीचा निकाल तिच्यापुरता लागतो. तोच संच तिसऱ्यांदा आला आणि दुसऱ्या फेऱ्यात पहिल्यापेक्षा एकही नवं वचन पुरं झालं नाही, तर फांदी छाटायची. वरच्या उदाहरणात नेमकं हेच होतं. एका वेळी एकच फांदी मेमरीत लागते. ‘ब्लॅक’ हे साधन या फांद्यांच्या झाडाचं ठरावीक खोलीपर्यंतचं रूप सॅट सॉल्व्हरला (साध्या खरं-खोटं सूत्रांची समाधेयता तपासणाऱ्या प्रोग्रामला) देतं आणि खोली वाढवत नेतं. सॉल्व्हर इन्क्रिमेंटल (प्रत्येक वेळी नव्याने सुरू न होणारा) ठेवलात तर आधी शिकलेले क्लॉज (त्याने काढलेल्या अटी) वाया जात नाहीत.

त्याआधी सूत्र सोपं करून घ्या. ‘कधीतरी नेहमी कधीतरी प’ म्हणजे ‘नेहमी कधीतरी प’च. समाधेय उत्तर आलं की मिळालेला ट्रेस (क्षणाक्षणाला काय खरं याची मालिका) वेगळ्या, साध्या कोडने तपासा.

फर्स्ट-ऑर्डरकडे (‘प्रत्येक वस्तूसाठी’, ‘एखादी वस्तू’ असं म्हणता येणाऱ्या टेम्पोरल लॉजिककडे) वळायचा मोह मात्र आवरा: तिथे वैध सूत्रांची यादीसुद्धा यंत्राने करता येत नाही. जायचंच असेल, तर मोनोडिक सूत्रांपुरतं (ज्यांत काळाच्या शब्दाच्या आत जास्तीत जास्त एकच मुक्त चल असतं).