कोकणात सापसंदाची मुळी उगाळून देतात. त्यातल्या आम्लाने खरंच कॅन्सर होतो का?

हो, होऊ शकतो, म्हणून सापसंदाची (ईश्वरीची) मुळी, पाला किंवा काढा कुणालाही पोटात देऊ नका, पोटदुखी असो वा ताप. या वेलीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात निश्चित कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. शरीरात गेल्यावर ते पेशींच्या डीएनएला चिकटून कायमचे बदल घडवतं. मूत्रपिंडं निकामी होतात, आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर कित्येक वर्षांनी उद्भवतो. त्यामुळे लहानपणी घेतलेल्या मुळीशी त्याचा संबंध घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत याच कुळातली वनस्पती चुकून गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. नंतर त्यांच्यातल्या अनेकींना कॅन्सरही झाला. काढा उकळला म्हणून विष जात नाही.

धोका मात्र किती आणि किती दिवस घेतलं यावर वाढत जातो, त्यामुळे कधीकाळी एकदा चाटवली म्हणून घाबरून जाऊ नका. वारंवार घेतली असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्या, डॉक्टरांना वेलीचं नावही सांगा. सापाच्या दंशावर तर ही मुळी उगाळत बसूच नका, थेट प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात न्या. कोकम, चिंच, आवळा यांतली आम्लं अगदी वेगळी, सोलकढी खुशाल प्या. वेल उपटायचीही गरज नाही, मोठ्या बर्डविंग फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावर जगतात.