आधी झाकण आणि जाळी बघा, बर्नर नंतर मोजा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. घरामागे छोटं अंगण आहे, कोपऱ्यात कडुनिंब. मुलगा-सून पुण्याहून आले की आम्ही आठ जण रात्री बाहेरच जेवतो. आजवर विटा मांडून कोळसा पेटवायचो, पण मटण बाहेरून करपतं आणि आतून चिवट राहतं. आता मुलं म्हणतात, गॅसवरचा बार्बेक्यू घेऊ. दुकानदार चार बर्नरचा आणि बाजूला जादा शेगडी असलेला घ्या म्हणतो. दीर अमेरिकेत आहेत, ते येताना तिकडचा आणतो म्हणतात. सासूबाई माळकरी आहेत, त्यांचंही बघायला हवं. काय घ्यावं?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : ताई, मटण करपतं आणि चिवट राहतं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण शेगडी निवडायची ती त्यासाठीच. बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं. त्यात चरबी कमी आणि तंतू घट्ट. खालून जोराची आच एकसारखी लागत राहिली की वरचं पाणी उडून जातं आणि आत शिजायच्या आधीच बाहेर काळं होतं. कोळसा असो की गॅस, यात फरक पडत नाही. त्याला दोन आचा लागतात. एका बाजूला जाळ मोठा, तिथं तुकड्यांना रंग आणायचा. मग ते दुसऱ्या बाजूला सरकवायचे, जिथं खालचा बर्नर बंद आहे, आणि वरून झाकण लावायचं. शेजारच्या उष्णतेवर ते सावकाश आतपर्यंत शिजतं. एवढं जमलं की कच्च्या पपईचा गर लावून मुरवलेलं मटण सुरीला अडत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर प्रत्येक बर्नरला स्वतंत्र नॉब आहे का ते आधी बघा. मग झाकण उघडून-मिटून बघा. ते पातळ पत्र्याचं, हलकं आणि कडेनं फटी असलेलं असेल तर उष्णता राहणार नाही. मग बर्नर चार असोत की सहा, ती नुसती मोठी शेगडी. झाकण दुहेरी पत्र्याचं किंवा जाड, वजनदार असावं आणि त्यावर तापमान दाखवणारा काटा असावा. सावकाश शिजवायचं तर काटा दीडशे अंशांच्या आसपास ठेवायचा, रंग आणायचा तर सव्वादोनशेच्या पुढे. काटा झाकणावर असतो, त्यामुळे जाळीजवळ थोडा फरक पडणारच, पण अंदाज बांधायला तो पुरतो.

आठ जणांना तीन बर्नर बास. मधला बंद ठेवून कडेचे दोन लावता येतात, किंवा एका टोकाचा एकच लावून बाकीची जाळी मंद आचेला मोकळी ठेवता येते. चौथ्या बर्नरनं शेगडी रुंद होते, गॅस जास्त जातो आणि तुमचं अंगण अडतं. बाजूची जादा शेगडी तर मुळीच घेऊ नका. स्वयंपाकघर दाराच्या आत आहे, रस्सा तिथंच उकळू दे. ते पैसे जाळीवर घाला.

दुकानदार बीटीयूचे, म्हणजे शेगडी तासाला किती उष्णता देते त्याचे, मोठे आकडे सांगतात, त्याला भुलू नका. ३०,००० बीटीयू म्हणजे साधारण ९ किलोवॅट. सगळे बर्नर पूर्ण जोरावर ठेवले तर तासाला जवळपास पाऊण किलो गॅस जातो. त्या हिशेबानं १४.२ किलोचं सिलिंडर वीसेक तास चालेल, ५ किलोचं सातेक तास. तुम्ही तर निम्मा वेळ एकच बर्नर लावणार, म्हणजे ५ किलोचं सिलिंडर बऱ्याच रात्री पुरेल. माझं मत ५ किलोच्या बाजूनं आहे. ते हलकं असतं, आणि स्वयंपाकघरातलं सिलिंडर दर वेळी काढून अंगणात न्यायची वेळ येत नाही. त्याला बसणारा रेग्युलेटर मात्र एजन्सीतूनच घ्या.

आता जाळी. बिडाची जाळी उष्णता धरून ठेवते, पदार्थावर छान पट्टे उमटतात आणि ती वर्षानुवर्षं टिकते. पण तिला बिडाच्या तव्यासारखं सांभाळावं लागतं : धुऊन ओली ठेवायची नाही, वापरून झाल्यावर गरम असतानाच तेलाचा हात फिरवायचा. ज्या घरात भाकरीचा तवा नीट राहतो तिथं ही जाळीही नीट राहते. एवढं करणं होणार नसेल तर स्टेनलेस स्टीलची जाड सळ्यांची घ्या. दुकानात खिशात एक लोहचुंबक न्या. चांगलं ३०४ प्रतीचं स्टील चुंबकाला सहसा धरत नाही. स्वस्तातलं ४३० धरतं आणि ते लवकर गंजतं. कोकणासारखी खारी हवा आपल्याकडे नाही, त्यामुळे बाहेरचा डबा ४३० चा असला तरी मला चालेल. जाळी आणि बर्नर मात्र चांगल्या स्टीलचे हवेत, कारण आच, मीठ आणि चरबी तिथंच लागते. काही जाळ्यांवर चकचकीत इनॅमल असतं. ते दिसायला सुंदर, पण चिमटा आपटला की टवका उडतो आणि तिथून गंज धरतो.

जाळी उचलून खाली वाका. बर्नरवर उलट्या व्ही आकाराचे पत्रे दिसायला हवेत. चरबीचा थेंब त्यांच्यावर पडून जळतो आणि जो धूर उठतो तोच भाजलेल्या चवीचा निम्मा भाग. पत्रे नसतील तर थेंब थेट बर्नरच्या भोकांत जातात, भोकं बुजतात आणि जाळ उफाळतो. काही शेगड्यांत पत्र्यांऐवजी लाव्हा दगड असतात. ते चरबी पिऊन बसतात आणि नंतर एकदम पेट घेतात, त्यामुळे मी ते सुचवत नाही. सगळ्यात खाली चरबी साठायचा ट्रे असतो. तो पुढून किंवा मागून सहज बाहेर निघतो ना, हे स्वतः ओढून बघा. जो ट्रे काढायला त्रास होतो तो कुणी साफ करत नाही, आणि आगी पुष्कळदा तिथूनच लागतात.

दिरांना प्रेमानं नको म्हणा. आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर वरून दाबून खटकन बसतो, त्यांच्याकडच्या टाकीला आटे असतात. गॅसचा दाबही सगळीकडे सारखा नसतो. आपल्याकडचा रेग्युलेटर साधारण ३० मिलीबारवर गॅस सोडतो, अमेरिकेतल्या प्रोपेनच्या शेगड्या २७ च्या आसपास चालतात, इंग्लंडमधल्या ३७ वर. शिवाय तिकडे पाइपनं येणाऱ्या नैसर्गिक गॅसवरची मॉडेलंही मिळतात. त्यांच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाची, भोकं मोठी असतात, त्यांना आपलं सिलिंडर जोडलं तर हातभर पिवळ्या ज्वाळा निघतील. जोडणीसाठी कुणी जुगाड करून देतो म्हणाला तर त्याला घरात घेऊ नका. माझी सगळी हयात शेगड्या दुरुस्त करण्यात गेली. हातानं मोठी केलेली जेटं आणि तारेनं आवळलेल्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, म्हणून हे इतकं निक्षून लिहिते आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत स्टँड, ट्रे, कव्हरची फ्रेम हवी तशी बनवून मिळेल, ते जरूर करून घ्या. बर्नर, जेट आणि व्हॉल्व्ह मात्र कंपनीचेच, आणि ज्याचे सुटे भाग इथं मिळतात त्याच कंपनीचे.

दिरांना काही आणायचंच असेल तर मांसात खुपसायचा थर्मामीटर आणू द्या. चिकनच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश दाखवलं की ते शिजलं. मग रंगावरून अंदाज करत बसायला नको.

सासूबाईंबद्दल. एकाच जाळीवर आधी भाज्या, मग मटण, असं बरेच जण करतात. खाणाऱ्याला पटत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही लिहिता त्या माळकरी आहेत. मग जाळी वेगळी ठेवली तरी डबा तोच, खालचे पत्रे तेच आणि झाकणाखालचा धूरही तोच. त्यांच्या मनाला ते लागेल, आणि त्या बोलणारही नाहीत. त्यांच्यासाठी एक बर्नरची छोटी शेगडी आणि बिडाचा खाचांचा तवा वेगळा घ्या, तिचा चिमटाही वेगळा. त्यावर भरताचं वांगं, मक्याचं कणीस, सिमला मिरची, पनीर सगळं होतं. ती शेगडी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, वारा ज्या अंगानं येतो तिकडे मांडा, म्हणजे मटणाचा धूर त्यांच्याकडे जाणार नाही. त्यांना सगळ्यांत बसून जेवता आलं पाहिजे.

जागा निवडताना कडुनिंबापासून लांब राहा. पानगळीत सुकी पानं जाळीवर पडतात आणि खालच्या फांद्यांना आच लागते. भिंत, वाळत घातलेल्या चादरी आणि मांडवाचं कापड यांपासून तीनेक मीटर अंतर ठेवा. वारा पाठीमागच्या फटीतून आत शिरला तर उष्णता पुढे नॉबकडे ढकलली जाते, म्हणून शेगडी वाऱ्याला आडवी लावा. सिलिंडर उभंच ठेवायचं, शेगडीच्या खाली नाही, बाजूला. मे महिन्यात दिवसभर उन्हात तर बिलकूल ठेवू नका, काम झालं की सावलीत न्या. नळी केशरी, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदला. सिलिंडर जोडलं की दर वेळी सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवायचं नाही.

पेटवताना झाकण उघडंच हवं, यात कधीही सूट नाही. मिटलेल्या झाकणाखाली गॅस साठतो आणि ठिणगी पडली की भडका थेट तोंडावर येतो. दोन-तीनदा दाबूनही पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा. चरबी पेटली तर पाणी ओतायचं नाही. नॉब आणि सिलिंडर बंद करायचं, झाकण लावायचं आणि बाजूला व्हायचं.

चवीचं थोडं सांगते. काळं तिखट लावून मुरवलेलं मटण मोठ्या जाळावर फार वेळ ठेवलं तर मसाला जळून कडू होतो, म्हणून ते लवकर मंद बाजूला न्या. शेंगाचटणी मुरवताना लावूच नका, शेंगदाणा लगेच करपतो. उतरवल्यावर वरून भुरभुरा आणि सोबत कडक भाकरी द्या. उजनीची चिलापी मिळाली तर अख्खी भाजा, पण जाळी चांगली तापवून आणि माशाला तेल लावून, नाहीतर साल जाळीलाच राहतं. हुरडा मात्र या शेगडीवर करू नका. त्याला गोवऱ्यांची आगटीच हवी. गॅसवर कणसं नुसती सुकतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मुलं येतील तेव्हा अंगणात छोटा खड्डा करून आगटी पेटवा आणि शेगडी त्या दिवशी झाकून ठेवा.

प्रश्न : सात रस्त्याजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीत छोटा गॅस बार्बेक्यू चालेल का?

उत्तर : नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो, दारातून तुमच्या खोलीत शिरतो किंवा खालच्या घरात उतरतो. वर छत आहे आणि शेजाऱ्यांचे कपडे वाळताहेत, तेही आलंच. बाल्कनीसाठी विजेवरची ग्रिल घ्या. तिला धुराची चव नसते. ती हवी असेल तर भाजून झाल्यावर भांड्यात पेटता कोळसा ठेवून तुपाचा धुंगार द्या आणि दोन मिनिटं झाकण ठेवा. सोसायटीची परवानगी असेल आणि गच्ची चारही बाजूंनी मोकळी असेल तर गच्चीवर गॅस चालेल. तळमजल्याच्या बंदिस्त पार्किंगमध्ये कधीच नाही.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात घेतलेली शेगडी पावसाळाभर झाकून ठेवली होती. आता पेटवली तर एका बर्नरची ज्योत पिवळी येते आणि निम्माच बर्नर पेटतो. दुकानदार नवीन बर्नर घ्या म्हणतो.

उत्तर : आधी खर्च करू नका. पावसाळ्यानंतर बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, कधी कुंभारमाशी मातीचं घर बांधते. नळीतून हवा पुरेशी जात नाही, म्हणून ज्योत पिवळी होते. काही वेळा गॅस पुढे न जाता मागे नॉबजवळ पेटतो, म्हणून ती आत्ता वापरू नका. सिलिंडर सोडवा, जाळी आणि पत्रे काढा, बर्नर उचलून बाहेर घ्या. बाटली धुवायचा बारीक लांब ब्रश नळीतून आरपार फिरवा. वरची भोकं मऊ पितळी ब्रशनं आडवी घासा. जेटच्या भोकात पिन किंवा तार घालू नका, ते जरा जरी मोठं झालं तरी आच बिघडते. तिथं नुसती जोरात फुंकर मारा. परत बसवताना नळीचं तोंड जेटवर नीट चढलंय ना ते डोळ्यांनी बघा, मग साबणाचं पाणी लावून पेटवा. ज्योत निळी आणि स्थिर आली की काम झालं. तरीही पिवळीच राहिली, किंवा बर्नरला चीर दिसली, तर दुकानदाराचं ऐका. आणि बंद असताना गॅसचा वास येत असेल तर स्वतः काही उघडू नका, सिलिंडर बंद करून १९०६ वर फोन करा.