शब्दविचार : पाठ, पीठ आणि पृष्ठभाग

प्रश्न : माझी मुलगी गुजराती माध्यमात शिकते. परवा दप्तर खाली ठेवताना ती म्हणाली, “आई, पीठ दुखतंय.” मराठीत ‘पाठ’ आणि गुजरातीत ‘पीठ’ असा फरक कशामुळे पडला? शिवाय ‘पृष्ठभाग’ म्हणजे पुस्तकात वस्तूची वरची बाजू आणि बोलण्यात मात्र शरीराचा बसण्याचा भाग, हे कसे? (रावपुरा, वडोदरा)

उत्तर : आपल्या मुलीने नकळत दोन सख्ख्या बहिणींची अदलाबदल केली आहे. दोन्ही शब्द संस्कृत ‘पृष्ठ’पासून आले. त्यातल्या ‘ऋ’चा उच्चार प्राकृतात कुठे ‘अ’ झाला, कुठे ‘इ’. ‘पट्ठ’वरून मराठीची ‘पाठ’ आली, तर ‘पिट्ठ’वरून गुजराती आणि हिंदीची ‘पीठ’. मराठीत डब्यात असते ते ‘पीठ’ ‘पिष्ट’ म्हणजे दळलेले यावरून आले आहे, आणि धडा या अर्थाचा ‘पाठ’ ‘पठ्’ या धातूचा. लिंगच हे वेगळेपण सांगते : शरीराची ती पाठ, पुस्तकातला तो पाठ, डब्यातले ते पीठ.

‘पृष्ठभागा’च्या दोन अर्थांचे कोडे उलगडायचे तर आधी घोडा किंवा बैल डोळ्यांपुढे आणावा. चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराची पाठ ही त्याची वरची बाजू असते. खोगीर तिथेच चढते आणि ओझेही तिथेच लादतात. म्हणून ‘पृष्ठ’ म्हणजे वरची बाजू, आणि ‘भूपृष्ठ’ म्हणजे जमिनीचा वरचा थर. माणूस दोन पायांवर उभा राहिला की तीच पाठ मागे जाते, आणि ‘मागचा भाग’ हा अर्थ पुढे येतो. मराठीने ‘पृष्ठभाग’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ ठेवले. हिंदीची ‘पृष्ठभूमि’ मागच्या बाजूची आहे. तिच्या जागी आपण ‘पार्श्वभूमी’ म्हणतो, आणि ‘पार्श्व’ म्हणजे कूस, बरगड्यांची बाजू. वरच्या बाजूसाठी गुजरातीने सपाटपणावरून ‘सपाटी’ हा शब्द घेतला, तर हिंदीतली ‘सतह’ अरबीतून आली, जिथे त्या शब्दाचा एक अर्थ घराचे छप्पर असाही आहे.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते आपले रोजचे बोलणे. एक कागद हातात घ्यावा. एका बाजूने लिहिलेला असला तर तो ‘पाठकोरा’, आणि दोन्ही बाजूंनी छापायचा असला तर ‘पाठपोट’. एवढ्याशा पातळ कागदालाही मराठीने पाठ आणि पोट दिले आहे. पुस्तकाच्या पानाला ‘पृष्ठ’ म्हणताना आपण त्याची पाठच मोजत असतो.

प्रश्न : गुजरातीत फळाची ‘छाल’, मराठीत ‘साल’. यात मूळ कोणते? (मांडवी, वडोदरा)

उत्तर : ‘छ’ जुना. मराठीत अनेक शब्दांतला ‘छ’ बदलून ‘स’ झाला आहे : छुरी-सुरी, छोडवुं-सोडणे. सापाची ‘कात’ आणि आपले ‘कातडे’ मात्र वेगळ्या घराण्यातले. त्यांचे मूळ ‘कृत्ति’ म्हणजे सोललेले चामडे.

प्रश्न : आमच्या शहराचे नाव ‘वट’ आणि ‘उदर’ यांवरून, म्हणजे ‘वडाचे पोट’, असे लहानपणापासून ऐकत आलो. हे बरोबर आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, वडोदरा)

उत्तर : ही व्युत्पत्ती कानाला गोड आहे, पण मला ती पटत नाही. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात या गावाचे नाव ‘वडपद्रक’ असे आहे. ‘पद्र’ म्हणजे गाव किंवा गावालगतची मोकळी जमीन, आणि गुजरातीतले ‘पादर’ म्हणजे गावाची वेस याच वळणाचे. त्यातला ‘प’ सैल होत ‘व’ झाला, मग तो ‘ओ’त मिसळला, आणि ‘वडोदरा’ तयार झाले. ‘उदर’ नंतर कोणी संस्कृत जाणणाऱ्याने त्या ध्वनीत वाचले असावे. वडाचे झाड मात्र दोन्ही वाटांनी तिथेच उभे राहते. ताम्रपटाच्या अर्थाने ते वडाजवळचे गाव.