वाचक विचारतात: पडीक भूखंडावरची बाग

प्रश्न : आमचा प्रार्थनागट वस्तीतल्या पडीक भूखंडावर सेवा म्हणून भाजीची बाग करणार आहे. जागेत राडारोडा आहे. थेट बी पेरावे का?

उत्तर : यंदा थेट पेरू नका. मालकाची लेखी परवानगी घ्या, मग माती तपासा. आठ-दहा ठिकाणांहून वरची १५ सेंटिमीटर माती घेऊन एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. शिसे हा विषारी धातू तपासायला आवर्जून सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत ते सहसा नसते. जुन्या रंगाचे पापुद्रे पडलेल्या भिंतीलगत आणि रस्त्याकडेला ते जास्त सापडते. त्या भागाचा नमुना वेगळाच ठेवा.

शिसे जास्त निघाले तर खाली पाणी झिरपणारे कापड अंथरून ३० सेंटिमीटर उंच वाफे बांधा. दोन भाग बाहेरची स्वच्छ माती, एक भाग कुजलेले कंपोस्ट. वाफ्याला जुने रंगवलेले लाकूड नको. पालेभाज्या आणि मुळा-गाजर मूळ जमिनीत टाळा. त्यांना चिकटलेली धूळच जास्त घातक असते.

अहवाल चांगला आला, तरी सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी झालेली असू शकते. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर पिकाला लोह मिळत नाही असे समजा. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही, कंपोस्ट वाढवा. पहिल्या हंगामात हिरवळीचे खत म्हणून ताग पेरून फुलोऱ्यावर येताच मातीत गाडणे आम्हाला सर्वांत योग्य वाटते. सेवेची सुरुवात तिथूनच होते. त्या हंगामात ताटात काही येणार नाही, हे गटाला आधीच सांगा.