ठेव मोडून कोस्टरसाठी गाळा घ्यावा का?

प्रतापनगर, नागपूर येथील एका वाचक भगिनी घरी रेझिनचे (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाचे) कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायच्या चकत्या, करतात. गेल्या वर्षी त्यांनी 110 संच विकले, त्यांतील 70 दिवाळीच्या दोन महिन्यांत. तीन वर्षांसाठी ठेवलेली दोन लाखांची मुदत ठेव निम्म्यावर मोडून धरमपेठेत महिना 9,000 रुपये भाड्याचा गाळा घ्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

गाळा यंदा नको आणि ठेव मोडायची तर गरजच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चार कोस्टरचा संच 600 रुपयांना विकून निम्मा नफा राहतो, असे आपण लिहिले आहे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या आणि आठ मिलिमीटर जाडीच्या एका कोस्टरला हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) धरून सुमारे 70 ग्रॅम रेझिन लागते. आपल्या 900 रुपये किलोच्या दराने एका संचात 252 रुपये साच्यात ओतले जातात. रंग, सोनेरी वर्ख आणि खोका यांचे 60, दहांतला एक संच बुडबुडे धरून किंवा चिकट राहून वाया जातो त्याचे 35, आणि कुरिअरचे 70 आपणच भरता. हाती उरतात 183, त्यातही आपल्या मेहनतीचा मोबदला धरलेलाच नाही. नुसते भाडे निघायला महिन्याला 50 संच खपायला हवेत. दिवाळी सोडली तर आपले महिन्याला चारच जातात.

आणखी एक खर्च आपल्या वहीत नाही. साधे इपॉक्सी रेझिन बहुधा 50-60 अंशांलाच मऊ पडू लागते, आणि चहाचा कप त्याहून गरम असतो. आमच्याच घरी मे महिन्यात एका सुंदर निळ्या कोस्टरवर कपाच्या बुडाचा गोल ठसा कायमचा उमटला. असे संच बदलून द्यावे लागले तर 183 रुपये पुरणार नाहीत, म्हणून उष्णता सोसणारे रेझिन घेऊन किंमत त्या मानाने वाढवावी. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ओतकामही करू नये. दमट हवेने पृष्ठभाग धुरकट होतो आणि तो संच वायाच जातो.

मुदतीआधी ठेव मोडल्यास बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्याच मुदतीचा दर देते आणि बहुतेक ठिकाणी त्यातून अर्धा ते एक टक्का कापते. त्याऐवजी दिवाळीच्या मालापुरते 40,000 रुपये ठेवीवर कर्ज घ्यावे. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो; साडेआठ टक्के धरले तरी चार महिन्यांचे व्याज अकराशे-साडेअकराशे होते आणि ठेव चालू राहते. दिवाळीचे पैसे येताच हे कर्ज आधी फेडावे.

जीएसटीची चिंता सध्या नको. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र रायपूरच्या मागण्या स्वीकारण्यापूर्वी सनदी लेखापालांना अवश्य विचारावे, कारण राज्याबाहेर माल पाठवताना ही सूट सर्वसाधारणपणे मिळत नाही.