‘हे काय?’ नको, ‘काय झालं?’ विचारा

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. रविवारी त्याला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यानात नेते, ‘हे काय?’ विचारून झाडांची नावं पाठ करून घेते. घरी आजीनं विचारलं की मात्र ‘झाड पाहिलं’ एवढंच सांगतो. पुस्तकातल्या शरदात लाल-पिवळी पानगळ असते, इथं काय दाखवू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, पानगळ आपल्याकडे शिशिरात. आश्विन-कार्तिकात आपल्या माळांवर बिया पिकतात, आणि बोलू लागलेल्या मुलासाठी मला हेच दिवस सगळ्यात आवडतात. तेरड्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की फट्‌दिशी फुटतं. घागरी नावाच्या झुडपाची वाळकी शेंग कानाशी खुळखुळते. कुसळं मोज्यात घुसतात, आघाडा विजारीला चिकटतो. बालवाडीत मी हेच पाहिलं : नाव पाठ झालेलं मूल एक शब्द बोलून थांबतं, ज्याच्या हातात काही फुटलं, टोचलं, ते वाक्य बोलतं.

म्हणून ‘काय झालं?’ विचारा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. हे फार अवघड जातं, आपल्याला उत्तर पुरवायची घाई असते. तो ‘चिकटलं’ म्हणाला, की तुम्ही म्हणा, ‘हो, आघाड्याचं बी तुझ्या विजारीला चिकटलं.’ परत म्हणून घेऊ नका. ऐकलेलं वाक्य त्याच्याकडे राहतं.

एखाद्या रविवारी मखमलाबादकडे जा. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी चालू असेल. मालकाला विचारून बांधावरून पाहू द्या. वेलीवरच्या छाटलेल्या काड्यांना डोळे फुटण्यासाठी औषधाची पेस्ट लावलेली असेल तर मात्र हात लावू देऊ नका. कात्री काय करते, काडी कुठं पडते, गोळा कोण करतं, सगळं त्याच्याकडून ऐका.

घरी खिशातलं सगळं ताटात मांडू द्या आणि आजीला सांगू द्या : आधी काय सापडलं, मग काय. मध्ये तुम्ही बोलू नका. आजी अहिराणी बोलत असतील तर त्यांनी अहिराणीतच विचारावं.

बूट घाला, उंच गवतात शिरू नका. मखमली लव असलेली खाजकुयलीची शेंग आधी लांबून ओळखून ठेवा.

आणि एक. त्याचं बोलणं बाहेरच्यांना बरंचसं कळत नसेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर तो वळत नसेल, तर फिरणं चालू ठेवाच, पण याच आठवड्यात कानांची तपासणी करून घ्या.