आज वाचायला लावलं का?

"मॅडम, शाळेत सांगूनच टाकू का, की हिला वाचायला उभं करू नका म्हणून?"

परळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसता बसताच एका आईने विचारलं. मुलगी आठवीत. वर्गात नाव पुकारलं की थिजायची. रविवारी हसतीखेळती असलेली पोर सोमवारी सकाळी पोट धरून बसायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, काही निघालं नाही, आणि तेव्हापासून घरात "नाटकं करते" सुरू झालं होतं. हाच प्रश्न इतके पालक विचारतात, की ही हकिगत दोघींच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

ते नाटक नव्हतं. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. पोटात पिळवटतं ते खरोखरच. हे ऐकल्यावर मुलगी आईकडे वळून म्हणाली, "बघ, मी खोटं नव्हते बोलत." आई काहीच बोलली नाही, फक्त तिची वेणी सारखी करत राहिली.

सुरुवातीला माझं चुकलं. "घाबरलीस की खोल श्वास घे," एवढंच सांगून मी तिला पाठवलं. तिने वर्गात भराभर मोठे श्वास घेतले आणि तिला गरगरलं. असं केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, भीती आणखी वाढते. मग नीट शिकवलं: श्वास साधाच घ्यायचा, तीन आकड्यांत, आणि सोडायचा पाच आकड्यांत, सावकाश. सराव मात्र भीती नसताना, रोज, आई वेणी घालत असताना. ऐन वेळी पहिल्यांदा करून पाहिलेली गोष्ट उपयोगी पडत नाही.

पण खरी गाठ सुटली ती मी तिला मराठीचा एक तास घंटेपासून घंटेपर्यंत सांगायला लावला तेव्हा. बाई कधीही कुणालाही उठवायच्या. "मी धडा ऐकतच नाही," ती म्हणाली. "बाईंची नजर कुठे जाते तेवढंच बघते." तास संपेपर्यंत तेच! तिचा नंबर लागो न लागो, ती तासभर नंबर लागल्यासारखीच असायची.

आईला मी म्हटलं, सूट मागू नका. सूट मिळाली तर उद्या पोट दुखणार नाही, पण मन एवढंच शिकेल, की मी सुटले, कारण मला वाचावं लागलं नाही. पुढच्या वर्षी भीती आणखी मोठी होऊन येईल. वाचन राहू दे, त्यातली अनिश्चितता तेवढी काढू.

बाईंना भेटले. "साठ मुलांत एकीसाठी किती करू?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून थोडंच मागितलं. कुठल्या दोन ओळी वाचायच्या ते आदल्या दिवशी हळूच सांगा. "घाबरतेस काय?" असं सगळ्यांसमोर म्हणू नका. आणि नाव आधी न घेता प्रश्न आधी विचारा, थोडं थांबा, मग नाव घ्या. हे शेवटचं त्यांनी सगळ्या वर्गासाठीच सुरू केलं, आणि कधी न बोलणारी आणखी दोन मुलं उत्तरं द्यायला लागली.

वाचनाच्याही पायऱ्या केल्या: आधी बाकावरच्या मैत्रिणीबरोबर एका आवाजात, मग बसून एकटीने, मग उभं राहून. एकेका पायरीला आठवडा, कधी दोन. गणपतीच्या सुट्टीनंतर पोट पुन्हा दुखलं. त्या दिवशीही तिला शाळेत पाठवलं, पण पहिले दोनच तास, असं आधी ठरवून. मूल आठवडेच्या आठवडे शाळेत जात नसेल, जेवण-झोप उडाली असेल, किंवा जगणं नको असं बोलत असेल, तर मात्र अशा पायऱ्यांवर वेळ घालवू नये, मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवावं. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

आईसाठीही एक काम होतं, आणि ते तिला सगळ्यात जड गेलं. कामावरून घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न असायचा, "आज वाचायला लावलं का?" काळजीनेच विचारायची, पण त्यामुळे शाळेचा सगळा दिवस त्या दोन ओळींवर येऊन थांबायचा. "डबा संपवलास का?" असं विचारा, म्हटलं.

जानेवारीत आई एकटीच आली. आदल्या संध्याकाळी दोघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आई डब्याचं विचारून भाजी निवडायला बसणार, तोच मुलगी मान वर न करता म्हणाली, "आज बाईंनी न सांगताच उठवलं. आवाज थरथरला. पण अख्खा परिच्छेद वाचला."